उडणारी छोटी विमाने आणि शाळेचे मैदान

(हीरक महोत्सवानिमित्त विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



भिलाई हे जड वस्तूंचे गाव आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावाचा हिशेब टनांत चालतो. येथे घडणाऱ्या रेल्वे रुळाचा एक मीटर लांबीचा तुकडा सुमारे ६० किलो भरतो, आणि असे रूळ जोडून २६० मीटर लांबीचे पट्टे येथून देशभर जातात. अशा गावात, ज्याचे वजन ग्रॅममध्ये सांगावे लागते अशा वस्तूविषयी बोलणे काहीसे विसंगत वाटेल. पण आजचा विषय तोच आहे : मुलांनी स्वतःच्या हाताने बनवलेली, खरोखर उडणारी छोटी विमाने, आणि ती बनवणारे, उडवणारे, मोडणारे आणि पुन्हा जोडणारे मंडळ.

छोट्या विमानांकडे खेळणे म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. इतिहास मात्र उलट सांगतो. माणूस आकाशात जाण्यापूर्वी त्याची खेळणी तेथे जाऊन आली होती. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने जाणकारांच्या समुदायापुढे एक लहानसे विमान सोडले. त्याची लांबी सुमारे अर्धा मीटर, वजन अवघे १६ ग्रॅम, आणि ताकद म्हणजे पीळ दिलेले रबर. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. आकडे किरकोळ वाटतात. पण ते विमान कुणीही हात न लावता, न डगमगता, स्वतःचा तोल स्वतः सावरत गेले, ही त्यातली खरी गोष्ट. पेनोने पंखांची टोके किंचित वर वळवली होती आणि मागे एक छोटे शेपूट थोड्या उणे कोनात बसवले होते. आज जगातल्या कोणत्याही प्रवासी विमानाच्या शेपटाकडे पाहिले तर त्यामागचे तत्त्व त्या १६ ग्रॅमच्या वस्तूत होते असे म्हणता येईल. पेनो वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. माणसाला घेऊन उडणारे विमान त्याला पाहायला मिळाले नाही.

त्याच पेनोच्या आराखड्यावरचे रबरावर फिरणारे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. बांबू, बूच आणि कागद यांचे ते खेळणे हातातून सुटताच छतापर्यंत गेले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळणे मोडल्यावर त्यांनी तसेच दुसरे बनवले, मग त्याहून मोठे, मग आणखी मोठे. आणि आकार जसजसा वाढला तसतसे ते कमी उडू लागले. हे कोडे त्यांना तेव्हा सुटले नाही. पुढे मोठेपणी त्यांनीच लिहून ठेवले की, लांबी-रुंदी दुप्पट केली तर ताकद आठपट लागते हे त्या वयात त्यांना ठाऊक नव्हते. आठवीच्या गणितात क्षेत्रफळ आणि घनफळ यांची सूत्रे सगळेच पाठ करतात. ती सूत्रे छताला न पोचलेल्या खेळण्याच्या रूपाने ज्याच्या डोक्यात शिरली, त्याने पुढे काय केले हे सर्वांना माहीत आहे.

आकाराच्या या कोड्याने मोठमोठ्यांनाही चकवले आहे. सॅम्युएल लँगली हे अमेरिकेतील नामवंत शास्त्रज्ञ. ६ मे १८९६ रोजी त्यांचे वाफेच्या इंजिनावरचे, माणूस नसलेले विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले, आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्याचे छायाचित्र टिपले. त्यानंतर सरकारी पैशाने माणूस नेणारे मोठे यंत्र बांधले गेले. ते १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरला नदीत कोसळले. त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारे राइट बंधू उडाले. त्यांच्या यशामागे नशीब नव्हते. लहान वस्तूंवर केलेली चिकाटीची मोजमापे होती. १८९९ मध्ये त्यांनी आपली कल्पना आधी पतंगावर तपासली, आणि १९०१ मध्ये घरगुती वातबोगद्यात सुमारे दोनशे छोटे पंख एकेक करून पारखले. ज्या मुलांनी संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधली आहे, गाठ अर्धा बोट वर-खाली होताच पतंग गिरक्या खातो की ताठ उभा राहतो हे पाहिले आहे, ती मुले त्या शोधाच्या उंबरठ्यावर उभी असतात. तेथून आत कुणी नेत नाही, एवढेच.

विमानांचा विषय निघाला की मराठी सभेत एक नाव हमखास येते, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर माणसाविना उडणारे विमान उडवले, असे सांगितले जाते. तळपदे हे कल्पक आणि धडपडे गृहस्थ होते याबद्दल वाद नाही. पण त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन पुरावा हाती लागलेला नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा आधार या संदर्भात दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अभिमानाला हे ऐकणे जड जाते. तरीही पेनो आणि तळपदे यांच्या गोष्टींतला फरक मुलांना सांगितलाच पाहिजे. पेनोचे विमान मोजलेले आहे, त्याचे वजन, लांबी, वेळ आणि अंतर नोंदलेले आहे. त्या नोंदीवरून भिलाईतला सातवीतला मुलगासुद्धा ते आज पुन्हा बनवू शकतो, आणि ते पुन्हा उडते. जे पुन्हा करता येते त्याला पुरावा म्हणतात. उडणाऱ्या प्रतिकृती बनवणाऱ्या मंडळाचा पहिला नियम हाच असतो : काय झाले ते लिहा, जे झाले नाही ते लिहू नका.

आता या छंदाचा प्रत्यक्ष कारभार पाहू. सर्वांत साधे ते हाताने फेकायचे ग्लायडर. त्याला ना इंजिन, ना रबर. त्यानंतर पीळ दिलेल्या रबरावर पंखा फिरवणारे विमान. तिसरा प्रकार दोरीवरच्या विमानांचा : चालक मध्यभागी उभा राहतो, पोलादी तारांची जोडी हातातल्या मुठीपासून विमानापर्यंत जाते, आणि विमान त्याच्याभोवती घिरट्या घालते, मूठ तिरकी केली की ते वर चढते किंवा खाली येते. या विमानांची छोटी इंजिने मेथनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालतात, आणि तो जळक्या एरंडेलाचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो जन्मभर ओळखू येतो. एके काळी कोलकात्यात बनणारी ‘ऑरोरा’ इंजिने ही भारतातल्या छांदिष्टांची मोठी मिरास होती. चौथा प्रकार रेडिओवर चालणाऱ्या विमानांचा; आता त्यात बहुधा विजेची मोटर आणि लिथियम बॅटरी असते.

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ मध्ये स्थापन झाली आणि तिची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथील दोन तुकड्यांनिशी उभी राहिली. या शाखेच्या प्रशिक्षणात प्रतिकृती-विमाने बनवणे आणि उडवणे हा आजही मान्य विषय आहे, आणि तिच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. म्हणजे ज्याला हा उद्योग वेळेचा अपव्यय वाटतो, त्याने एवढे लक्षात घ्यावे की देशाने त्याला सत्तर वर्षांहून अधिक काळ शिक्षणात जागा दिलेली आहे. शाळांनी किती दिली, हा वेगळा प्रश्न.

मुख्य प्रश्न मात्र साधनांचा नाही, तो हातांचा आहे. भिलाईची मुले हुशार आहेत. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत या गावाने देशभर नाव कमावले आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु त्या तयारीच्या वर्षांत मुलांच्या हाती केवळ लेखणी राहते. उत्थापक बल, अवरोध, रेटा, गुरुत्वमध्य या चार शब्दांवरचे गणित चार मिनिटांत सोडवणाऱ्या मुलाला पातळ लाकडाची पट्टी धारदार पात्याने, तंतू न फाडता, सरळ कापता येत नाही. आणि त्याच्याच घरात, कधी कधी त्याच खोलीत, आजोबा बसलेले असतात. ते फिटर होते, टर्नर होते, साचे करणारे होते. विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे या कारखान्याच्या आसऱ्याने येथे आली, आणि त्यांतल्या पहिल्या पिढीने कानस कशी धरावी, काटकोन कसा तपासावा, एक सहस्रांश इंच म्हणजे किती, हे पोटापाण्यासाठी शिकून घेतले. मधल्या पिढीने पुस्तके शिकली. तिसरी पिढी पुणे, बंगळूर किंवा त्याहून दूर जाण्याच्या तयारीत आहे. आजोबांच्या हातातले ते ज्ञान कुणाच्या हाती पडल्यावाचून संपून जाईल, ही काल्पनिक भीती नव्हे. त्याला आता फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून शाळेत असे मंडळ निघाले तर त्याच्या पहिल्या बैठकीला शिक्षकांइतकेच निवृत्त कामगार बोलवावेत. त्यांना वायुगतिकी येत नसेल. ती शिक्षक सांगतील. पण पंखाची उजवी आणि डावी बाजू सारख्या वजनाची आहे की नाही, हे काट्यावर घालण्याआधी बोटावर तोलून सांगणारा माणूस कारखान्यातच घडलेला असतो. साठ किलोचा रूळ आणि सोळा ग्रॅमचे विमान यांच्यात अचूकपणाचा धागा एकच आहे. किंबहुना विमानाला तो अधिक लागतो.

साहित्याची अडचण फारशी नाही. परदेशी पुस्तकांत बाल्साचे लाकूड सांगितलेले असते. ते दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येते, सागवानाच्या तुलनेत ते सुमारे एक चतुर्थांश वजनाचे, आणि भारतात महागच. पण हलकेपणाची ओळख मराठी घराला नवी नाही. लग्नातली बाशिंगे ज्या भेंडाची करीत, ते भेंड हातात घेतलेल्या माणसाला बाल्साचे नवल वाटत नाही. शाळेसाठी तर थर्मोकोलचे पातळ तक्ते, घट्ट फोमचे बोर्ड, बांबूच्या चिरलेल्या काड्या आणि पतंगाचा कागद एवढे पुरे. पात्याची सुरी मात्र मोठ्यांच्या देखरेखीत, आणि नेहमी बोटांपासून दूर जाणारी.

विमान तयार झाले की पहिले उड्डाण होते ते बहुधा तीन सेकंदांचे असते. विमान डोके वर काढते, थबकते, आणि आपटते. म्हणजे नाक हलके आहे. नाकाला मातीची किंवा प्लॅस्टिसिनची वाटाण्याएवढी गोळी लावावी. पुन्हा फेकले की या वेळी सरळ गोता खाते. म्हणजे गोळी जास्त झाली. अर्धी काढावी. मग ते डावीकडे वळत राहते. पंख पाहावेत, एकाला पीळ पडलेला असतो. असे वीस-पंचवीस वेळा होते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नव्हे. दोन बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या वहीत ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ हे चार मथळे मुले वर्षानुवर्षे लिहितात आणि अनुमान बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. येथे ते ठरलेले नसते. हवेला मुलाचे आडनाव, गुण आणि वर्गातला क्रमांक यांपैकी काहीच माहीत नसते. पहिल्या बाकावरच्या मुलाचे विमान आपटते आणि शेवटच्या बाकावरच्याचे तरंगत जाते. एखाद्या मुलाला आपल्या हाताने केलेली वस्तू सगळ्यांहून दूर गेल्याचे आयुष्यात पहिल्यांदा दिसते, त्याचे मोल वर्गशिक्षकांना सांगायला नको.

मित्रहो, अपयशाची ही शिकवण किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. मेनार्ड हिल नावाचे अमेरिकन अभियंते आयुष्यभर अशी विमाने बनवत आले. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, ऐकायला कमी येत होते. अशा अवस्थेत त्यांनी ठरवले की प्रतिकृती-विमानाने अटलांटिक महासागर ओलांडायचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंधनासह वजन पाच किलोच्या आत हवे. बाल्साच्या लाकडाचे ते विमान त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी बनवले. काय बरोबर बसले आहे हे हिल यांना बोटांनी चाचपून पाहावे लागे. २००२ च्या ऑगस्टमध्ये तीन विमाने गेली आणि तिन्ही समुद्रात हरवली. २००३ मध्ये चौथेही गेले. ९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील केप स्पिअर येथून पाचवे सोडण्यात आले. उपग्रहाच्या संकेतांवर आपला मार्ग स्वतः ठरवत, कंदिलात वापरतात तशा इंधनावर, ते ३८ तास ५२ मिनिटे उडाले आणि सुमारे ३,०३० किलोमीटर ओलांडून ११ ऑगस्टला आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. टाकीत तेव्हा अगदी थोडे इंधन उरले होते. ज्या परिसरात १९१९ साली ॲल्कॉक आणि ब्राउन हे अटलांटिकपार न थांबता आलेले पहिले वैमानिक उतरले, तोच हा परिसर. हिल त्या वेळी सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

दुसरे टोकही पाहण्यासारखे आहे. बंद सभागृहात उडणाऱ्या रबरी विमानांची जागतिक स्पर्धा असते. त्यांचे वजन रबर वगळून दीड ग्रॅमहूनही कमी, पंखांवर साबणाच्या फुग्यासारखी चमकणारी पातळ फिल्म, आणि पंखा इतका संथ फिरतो की पाती मोजता यावीत. ही विमाने वीस मिनिटांहून अधिक काळ हवेत राहतात. या स्पर्धा रुमानियात स्लानिक येथील मिठाच्या प्रचंड खाणीत भरल्या आहेत, कारण तेथे वारा नाही आणि छत उंच आहे. खाणी, उंच छपरे आणि मोठे कारखाने यांची भिलाईकरांना नवलाई नाही. त्यांच्याकडे या नजरेने पाहण्याची मात्र सवय नाही.

मोकळ्या जागेचा विचार करता या भागासारखा भाग विरळा. नगररचनेत सेक्टरासेक्टरांत मैदाने राखलेली आहेत, ती अजून पुरती गिळली गेलेली नाहीत. गावाबाहेर पडले की धानाच्या बांध्या सुरू होतात. कापणीनंतर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, त्या मोकळ्या असतात. फक्त धुऱ्यावर विमान आदळणार नाही एवढे पाहावे, आणि शेतकऱ्याला आधी विचारावे. थंडीतल्या सकाळी हवा निश्चल असते. ऊन तापू लागले की जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ उठतात, आणि त्यांची जागा घारी दाखवतात. घार पंख न हलवता जेथे गोल फिरते तेथे हवा वर चढत असते. तशा हवेत सापडलेले हलके ग्लायडर परत येत नाही. अनुभवी मंडळी यासाठी शेपटाला एक युक्ती करून ठेवतात : ठरावीक वेळाने शेपूट वर उचलले जाते आणि विमान सपाट खाली उतरते. पूर्वी त्यासाठी हळू जळणारी वात लावत. वाळल्या तणसाच्या मोसमात ती चुकूनही वापरू नये. आता त्यासाठी छोटे घड्याळयंत्र मिळते.

नियमांविषयी थोडक्यात. केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम जाहीर केले. त्यांत शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी डोळ्यांच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या दूरनियंत्रित प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या यानाला ‘नॅनो’ म्हटले आहे. देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेले आहे. हाताने फेकायच्या ग्लायडरला ना मोटर, ना दूरनियंत्रण. तो प्रश्न रेडिओच्या विमानांपासून सुरू होतो. ज्या गावात राष्ट्रीय महत्त्वाचा कारखाना आहे आणि जवळच नंदिनीला धावपट्टी आहे, तेथे रेडिओचे विमान हाती घेण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहणे आणि प्रशासनाची लेखी परवानगी घेणे हे मंडळाच्या चालकांचे काम आहे, मुलांचे नव्हे. विजेच्या तारांखाली काहीच उडवू नये. दोरीवरच्या विमानाच्या तारा पोलादी असतात, आणि त्या तारांना चिकटल्या तर काय होते हे कारखान्याच्या गावात समजावून सांगण्याची गरज नाही. लिथियम बॅटरी फुगली की ती टाकून द्यायची. पुन्हा चार्ज करायची नाही.

येथे ड्रोनविषयी एक शंका हमखास येते. पेटीतून काढला, बटण दाबले की उडतो, स्वतःच तोल सावरतो, छायाचित्रेही घेतो. मग ही गोंद-काड्यांची खटपट कशाला? शंका रास्त आहे. ड्रोन उपयुक्त यंत्र आहे, शेतीत आणि मोजणीत त्याने जागा मिळवली आहे, आणि उद्याची रोजगारी त्यात आहे. पण ज्याने तोल सावरणे विकत घेतले त्याला तोल म्हणजे काय हे विचारण्याची वेळच येत नाही. ग्लायडर बनवलेला मुलगा पुढे ड्रोन दुरुस्त करू शकतो. उलट प्रवास क्वचित होतो.

आणि हे सारे मराठीत होऊ शकते, यात मराठी शाळेचे विशेष भाग्य आहे. पंख, शेपूट, नाक, सुकाणू, पीळ, कन्नी, गोता, झोल : या कामाला लागणारे निम्मे शब्द मुलाच्या तोंडी आधीच आहेत. विमानाने गोता खाल्ला हे सांगताना त्याला भाषांतर करावे लागत नाही, त्यामुळे त्याचे लक्ष विमानावर राहते. इंग्रजी संज्ञा पुढे लागतील तेव्हा तो त्या शिकेल. वस्तू ओळखीची असली की तिचे दुसरे नाव लवकर पाठ होते.

खर्चाचा अंदाज विचारला जाईल म्हणून सांगितलेले बरे : पहिल्या वर्षी एका मुलामागे वह्या-पेन्सिलींच्या खर्चाहून अधिक लागत नाही. लागतो तो शनिवार. शनिवारची दुपार शिकवण्यांनी व्यापलेली असेल तर मंडळ चालणार नाही, हे पालकांनी आधीच मान्य करावे. नाहीतर उत्साहाने फळ्यावर नावे लिहिली जातात आणि दिवाळीनंतर खोलीला कुलूप लागते.

ज्यांना वाट पाहायची नाही त्यांच्यासाठी पहिल्या ग्लायडरची मापे येथेच देता येतील. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोमचा तक्ता घ्यावा. पंख ३६ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद कापावा, मध्यभागी किंचित चीर देऊन दुमडावा आणि दोन्ही टोके तीन-चार सेंटिमीटर वर उचलून तसाच चिकटवावा. बांबूची ३० सेंटिमीटरची सरळ काडी हे धड. मागच्या टोकाला १४ बाय ५ सेंटिमीटरचे आडवे शेपूट आणि त्यावर ६ बाय ५ सेंटिमीटरचे उभे. पंखाची पुढची कड नाकापासून आठ सेंटिमीटरवर ठेवावी आणि तो तात्पुरता रबराने बांधावा, म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल. नाकाला मातीची गोळी लावत जावे. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पावणेतीन सेंटिमीटरवर दोन बोटांनी तोलल्यावर विमान आडवे राहिले की थांबावे. मग सूर्य वर येण्याआधी मैदानावर जावे, गवत असेल तेथे, वाऱ्याकडे तोंड करून. जोराने फेकू नये. खांद्याच्या उंचीवरून, क्षितिजाच्या किंचित खाली, ढकलल्यासारखे सोडावे. ते पडेल. पडले तेथपर्यंत पावले मोजत चालत जावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावे : तारीख, वारा कुठून होता, गोळी केवढी होती, किती पावले.